कथासूत्राला पेटंट मिळायला हवं का? (एका विहिरीच्या गोष्टीवरून)

घाटमाथा_खानापूर | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. वाचक म्हणून जुना आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी खानापूर तालुक्यातल्या एका गावात शिक्षक आहे. गेली अठरा वर्षं एकांकिका लिहितो आणि गावातल्याच पोरापोरींना घेऊन बसवतो. भातकापणी उरकली की तालमी सुरू, असं आमचं वर्ष चालतं. तीन वर्षांपूर्वी एक गोष्ट सुचली. ती आधी सांगतो, कारण सगळा प्रश्न तिच्याभोवतीच आहे.

बहात्तरचा दुष्काळ. संकेश्वरकडचं मिरचीचं रान. दोन भावांची सामाईक विहीर, दुमोटी, म्हणजे दोन मोटा चालणारी (मोट म्हणजे बैलांनी ओढून पाणी काढायची कातडी पोतडी). दोघांची धाव (बैलांची उतरती वाट) वेगळी, चाक वेगळं, थारोळं (मोट रिकामी होते तो हौद) वेगळं, पाट वेगळा. वाटणीवरून दोन्ही घरांचं बोलणं बंद झालेलं. अशात थोरला वारतो. त्याची बायको एकटी, पोरं लहान, बैल विकलेले. तिचं रान वाळणार हे गावाने धरूनच ठेवलेलं. पण रोज सकाळी बघते तर पाटाला ओल. रात्री अंथरुणावर तिला मोटेच्या चाकाची कुरकुर ऐकू येते, आणि ती नवऱ्याच्याच चाकाची. थोरला त्या चाकाला कधी वंगण लावू द्यायचा नाही. म्हणायचा, 'ते बोलतंय म्हणून मी जागा आहे.' धाकटा रात्री आपले बैल भावाच्या धावेवर नेऊन वहिनीचं रान भिजवत असतो. तिला ते कळतं, पण ती दार उघडत नाही. उघडलं तर बोलावं लागेल.

हे मी आमच्या तालमीला आलेल्या एका जाणकार माणसाला सांगितलं. संहिता वाचायलाही दिली. त्यांनी मन लावून ऐकलं, चार प्रश्न विचारले. पुढे आमच्या गावात एक मयत झाली, तालीम बारगळली, एकांकिका उभी राहिलीच नाही. गेल्या महिन्यात सीमेपलीकडच्या एका स्पर्धेला प्रेक्षक म्हणून गेलो होतो. तिसरी एकांकिका सुरू झाली आणि पाच मिनिटांत माझे हातपाय गार पडले. विहीर, दोन भाऊ, विधवा भावजय, रात्रीचं पाणी. गाव बदललं होतं, नावं बदलली होती. शेजारी बसलेला माणूस डोळे पुसत होता. टाळ्या पडल्या तेव्हा मी बसूनच राहिलो.

कुणाचं नाव-गाव घेणार नाही. कृपया विचारू नका.

परवा वर्गातला एक मुलगा म्हणाला, 'सर, पेटंट काढून ठेवायला पाहिजे होतं.' तेव्हापासून डोक्यात तेच आहे. कुणी उसाची लागण करायचं नवं अवजार काढलं तर त्याला पेटंट मिळतं, वीस वर्षं दुसरा कुणी परवानगीशिवाय ते बनवू शकत नाही. मग गोष्टीचा सांगाडा, जो आजवर कुणी जुळवला नव्हता, त्याला का नाही? तो जुळवायला मला आठ महिने लागले. मनापासून विचारतोय, मनापासून सांगा.

---

निपाणीकर_पुण्यात | रविवार, रात्री १०.१५

सर, वाचून वाईट वाटलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुकड्यातुकड्यांत देतो.

हा प्रयत्न अमेरिकेत झालेला आहे. अँड्र्यू नाइट नावाच्या गृहस्थांनी चक्क कथासूत्रासाठी पेटंटचा अर्ज केला होता. तिथल्या पेटंट कार्यालयाने तो नोव्हेंबर २००५ मध्ये प्रसिद्ध केला. कथासूत्र असं : कॉलेजप्रवेशाच्या चिंतेने कासावीस झालेला एक शाळकरी मुलगा रात्री प्रार्थना करतो, की एमआयटीचं प्रवेशपत्र येईपर्यंत मला शुद्धच नको. तो जागा होतो तेव्हा तीस वर्षं उलटलेली असतात. पत्र टपालात हरवलेलं, ते आत्ता पोचलेलं. आणि मधल्या काळात तो इतरांच्या दृष्टीने अगदी नेहमीसारखा जगलेला असतो.

गोष्ट चांगली आहे. पण अर्जातली मागणी नीट बघा. त्यांना कादंबरीवर हक्क नको होता, ती कॉपीराइटने मिळतेच. त्यांना ही घटनासाखळी प्रेक्षक-वाचकांपर्यंत पोचवण्याच्या 'प्रक्रिये'वर हक्क हवा होता. म्हणजे दुसऱ्या कुणी वेगळी पात्रं, वेगळे शब्द, वेगळा देश घेऊन हीच साखळी सांगितली तरी ते उल्लंघन ठरलं असतं.

तेव्हा बऱ्याच बातम्यांत 'गोष्टीला पेटंट' असं आलं, त्यातून गैरसमज पसरला. अर्ज प्रसिद्ध होणं आणि पेटंट मंजूर होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साधारण अठरा महिने झाले की अर्ज आपोआप प्रसिद्ध होतो. नाइट यांना ते पेटंट मिळालं नाही.

असा अर्ज करावासा वाटला यालाही कारण होतं. १९९८ च्या एका निकालानंतर अमेरिकेत धंद्याच्या पद्धतींनाही पेटंटं मिळू लागली होती. मग लोकांना वाटलं, पद्धतीला मिळतं तर गोष्टीला का नको. पुढे २०१० आणि २०१४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ते दार बरंच ओढून घेतलं.

---

कोर्टगल्ली | रविवार, रात्री १०.५२

मी बेळगावात वकिली करतो. भारतापुरतं सांगायचं तर पेटंटची वाट बंद आहे. पेटंट कायदा १९७०, कलम ३. 'शोध' कशाला म्हणायचं नाही याची यादीच तिथे आहे. त्यातल्या (एल) या पोटकलमात साहित्य, नाट्य, संगीत, कला, सिनेमा आणि टीव्ही कार्यक्रम सगळे नावानिशी वगळले आहेत. त्याच यादीत (एम) मध्ये मनात करायच्या कृतीची नुसती योजना किंवा नियम आणि खेळ खेळायची पद्धतही वगळली आहे.

उरतो कॉपीराइट. सर, आता जो निकाल सांगतो तो सीमाभागातल्या माणसाने मुद्दाम वाचावा असा आहे.

आर. जी. आनंद यांनी 'हम हिंदुस्तानी' नावाचं नाटक लिहिलं. १९५४ मध्ये दिल्लीत त्याचे प्रयोग झाले. विषय प्रांतवाद. एक पंजाबी कुटुंब, एक मद्रासी कुटुंब, शेजार आणि मुलामुलीचं प्रेम. आनंद यांनी हे नाटक एका चित्रपट दिग्दर्शकाला वाचून दाखवलं. १९५६ मध्ये 'न्यू दिल्ली' हा चित्रपट आला, विषय पुन्हा प्रांतवाद. १९५६ म्हणजे भाषावार राज्यरचनेचं वर्ष, आपल्याकडे काय घडलं ते इथल्या कुणाला सांगायला नको. आनंद कोर्टात गेले. खालच्या कोर्टात हरले, हायकोर्टात हरले, आणि १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टातही हरले.

कोर्टाने सांगितलं ते थोडक्यात असं : कल्पना, विषय, कथासूत्र, इतिहास-पुराणातल्या घटना यांवर कुणाचा कॉपीराइट नसतो. हक्क असतो तो मांडणीवर. दोन्ही कृती पाहणाऱ्याला 'ही त्याची नक्कल आहे' असं निःसंशय वाटलं तर उल्लंघन. विषय तोच पण हाताळणी निराळी असेल तर उल्लंघन नाही. चित्रपटात तिसरं बंगाली कुटुंब होतं, हुंड्याचा प्रश्न होता, बरंच काही नाटकात नसलेलं होतं.

म्हणजे वाचून दाखवल्याचं सिद्ध झालं तरी तेवढ्याने भागत नाही.

---

मागावरचा_वडगाव | सोमवार, सकाळी ७.०५

मला हे पटलेलं नाही. स्पष्ट लिहितो.

आमच्या घरात तीन पिढ्या माग आहेत. काठाची नवी नक्षी बसवायला माझ्या वडिलांना दोन-दोन महिने लागायचे. आधी कागदावर चौकटी भरायच्या, मग पत्ते टोचायचे, एक धागा चुकला तर सगळं मोडून परत. साडी बाजारात गेली की पंधरा दिवसांत दुसऱ्याच्या यंत्रमागावर तोच काठ. वडील दुकानात उभं राहून तो काठ बोटाने चाचपायचे आणि घरी येऊन जेवायचे नाहीत. सरांनी लिहिलंय ना, टाळ्या पडल्या तेव्हा बसून राहिलो, ते मला कळतं.

आता निदान डिझाईन कायदा आहे, २००० सालचा. नक्षीची नोंदणी केली की दहा वर्षं, पुढे आणखी पाच. साडीच्या काठाला पंधरा वर्षं मिळतात आणि गोष्टीच्या कण्याला शून्य, हा कुठला न्याय? शब्द बदलणं सोपं आहे. अवघड असतं ते सुचणं. धाकट्याने थोरल्याचंच चाक वापरायचं, ही गोष्टीतली अवघड गाठ आहे. ती ज्याने मारली त्याला काही नाही, आणि मोकळ्या दोऱ्यांची नावं बदलणाऱ्याला बक्षीस? वीस वर्षं नको, पाच द्या. पण काहीतरी द्या.

---

कोर्टगल्ली | सोमवार, सकाळी ८.३०

@मागावरचा_वडगाव, तुमच्या वडिलांचं वाचून थांबलो थोडा वेळ. पण डिझाईनची नोंदणी कशाची होते ते बघा. त्या ठरावीक नक्षीच्या दिसण्याची. 'काठावर मोर असावा' यावर ती मिळत नाही. तुमचा मोर तुमचा, शेजाऱ्याने निराळा मोर विणला तर तो त्याचा. कथासूत्राला पेटंट म्हणजे सगळ्या मोरांवर हक्क.

---

तिसरी_घंटा | सोमवार, दुपारी १.२०

मी टिळकवाडीत राहते, पंचवीस वर्षं नाटक करते. सर, तुमच्या जागी मी असते तर मलाही हेच वाटलं असतं. तरीही कथासूत्राला पेटंट हे मला फार धोक्याचं वाटतं, आणि माझं कारण कायद्याचं नाही, आपल्या रंगभूमीचं आहे.

मराठी नाटक सुरू कुठून झालं? उत्तर कानड्यातल्या कर्कीहून भागवत मंडळी सांगलीला आली, त्यांचा खेळ राजेसाहेबांनी बघितला, 'असं मराठीत करा' म्हणून विष्णुदास भाव्यांना सांगितलं, आणि १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' झालं. गोष्ट रामायणातली, खेळाचा ढंग कानडी, नाटक मराठी. अण्णासाहेब किर्लोस्कर तर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांचं 'शाकुंतल' १८८० मध्ये पुण्यात उभं राहिलं. ते कालिदासाचं, आणि कालिदासाने गोष्ट उचलली महाभारतातून. महाभारतातल्या शकुंतलेच्या गोष्टीत अंगठी नाही. अंगठी आणि शाप कालिदासाचे. साखळीतल्या प्रत्येकाने मागच्याची गोष्ट घेतली आणि तिच्यात आपला जीव घातला. कुठल्या एका टप्प्यावर कुणाच्या हातात पेटंट असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

दुसरं, पेटंट कुणाच्या हातात जाईल याचा विचार करा. नुसता अर्ज भरणं एकट्या माणसाला परवडेल, सरकारी फी फार नाही. पण मसुदा लिहून घेणं, तपासणीच्या हरकतींना उत्तरं देणं, पुढे कोर्टात लढणं, हे खानापूरच्या मास्तरांना परवडणार आहे की मुंबईच्या मोठ्या निर्मितीसंस्थेला? ते वकील बसवतील आणि 'दोन भाऊ, एक विहीर' पासून 'हरवलेला मुलगा परत येतो' पर्यंत दोनशे सूत्रं एका वर्षात नावावर करतील. मग कडोली, येळ्ळूर, उचगावच्या साहित्य संमेलनांत कथाकथन करणाऱ्या माणसाला नोटीस येईल. सर, त्या वेळी तुम्ही फिर्यादी नसाल, आरोपी असाल.

---

निपाणीकर_पुण्यात | सोमवार, दुपारी २.०२

ताईंच्या मुद्द्याला कायद्याची बाजूही आहे, आणि मला वाटतं सगळ्यात मोठा फरक इथेच आहे. कॉपीराइटमध्ये दोघांना स्वतंत्रपणे एकच गोष्ट सुचली तर दोघंही निर्दोष, कारण नक्कल झालेलीच नाही. पेटंटमध्ये तसं नाही. तुम्ही दुसऱ्याचं काही बघितलं नाही, ऐकलं नाही, घरी बसून स्वतःच्या डोक्याने काढलंत, तरी आधी अर्ज करणाऱ्याचाच हक्क. यंत्राच्या बाबतीत हे एकवेळ समजून घेता येतं. पण दुष्काळ, विहीर, भाऊबंदकी हे ज्या मातीत शेकडो घरांत घडलंय तिथे एकच गोष्ट दहा जणांना सुचणारच. मग सुचण्याआधी रजिस्टर तपासायचं का?

---

राजहंसगडाखाली | सोमवार, संध्याकाळी ६.४५

नमस्कार. मी येळ्ळूरचा, वय ७८. नातू टाईप करूलालाय, मी सांगूलालोय.

गुरुजी, राग मानू नका. तुमची गोष्ट वाचून दाखवली नातवानं आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण ती मी ऐकलीय. तुमची न्हवे, तिच्या आधीची. मळणीच्या दिवसांत रात्री खळ्यावर राखणीला बसलो की आई सांगायची. दोघं भाऊ, रान वाटून घेतलेलं. एकाला बायकापोरं, एक सडा. सडा म्हणायचा, दादाला खाणारी तोंडं जास्त. दादा म्हणायचा, ह्याला म्हातारपणी कोण हाय. दोघंबी रात्री उठून आपल्या खळ्यावरल्या पेंढ्या दुसऱ्याच्या खळ्यावर टाकायचे. सकाळी दोघांचीबी रास तेवढीच. एका रात्री बांधावर दोघं समोरासमोर आले, डोक्यावर पेंढ्या घेऊन.

आईनं कुठनं ऐकली ठाऊक नाही. तिला लिहायवाचायला येत न्हवतं.

मोट मी स्वतः हाकलीय, सोळा वर्षांचा होतो तवापासनं. चाकाचा आवाज प्रत्येकाचा वेगळा असतोय हे खरं हाय. आमच्या विहिरीवर चार चाकं होती, घरात झोपून सांगायचो कुणाची मोट चालूलालीय ते.

---

घाटमाथा_खानापूर | सोमवार, रात्री १०.३०

आजोबा, राग कसला. तुमचं लिहिणं दुपारपासून चार वेळा वाचलं... चुकलो, संध्याकाळपासून. डोकं ठिकाणावर नाही.

खरं सांगतो. ही गोष्ट मीही ऐकलेली आहे. लहानपणी, कुणाकडून ते आठवत नाही. लिहिताना ती माझ्या मनात नव्हती असं मी शपथेवर सांगितलं असतं, पण आता वाटतं, नसेल कशी? रात्री गुपचूप भावाला देणं, हे तिथूनच आलं असणार. मी आठ महिने ज्याला 'माझा सांगाडा' म्हणत होतो त्याची अर्धी हाडं तुमच्या आईच्या खळ्यावरची आहेत.

पण आत दुखतंय ते थांबलेलं नाही. मग नक्की काय चोरीला गेलं म्हणून मला दुखतंय, ते मला कळेना झालंय.

---

अक्का_बैलहोंगल | सोमवार, रात्री ११.१०

सर, मी लग्नानंतर बैलहोंगलला आले. माहेर शहापूरचं. शेजारच्या कानडी अज्जींकडून एक गोष्ट ऐकली होती. ती इथे सांगावीशी वाटते, कारण ती गोष्टींविषयीच आहे.

एका बाईला एक गोष्ट आणि एक गाणं येत होतं. ती कुणालाच सांगायची नाही, गायची नाही. कोंडून कोंडून दोघं घुसमटली. एका दुपारी ती तोंड उघडं टाकून झोपली तेव्हा बाहेर पडली. गोष्टीचे झाले जोडे, ते उंबऱ्याशी बसले. गाण्याचा झाला पुरुषाचा कोट, तो खुंटीला लटकला. नवरा घरी आला, विचारलं कुणाचे जोडे, कुणाचा कोट. तिलाही माहीत नाही. भांडण झालं, तो घोंगडं उचलून मारुतीच्या देवळात झोपायला गेला. रात्री गावातल्या दिव्यांच्या ज्योती विझवल्यावर त्या देवळात जमायच्या. एक उशिरा आली आणि तिने बाकीच्यांना सगळी हकिगत सांगितली, ती नवऱ्याने ऐकली. घरी येऊन त्याने बायकोला विचारलं, तुझी ती गोष्ट कुठली गं? तर ती म्हणाली, 'कसली गोष्ट?' तिच्याकडून ती गेली होती.

ए. के. रामानुजन यांनी ही लोककथा नोंदवून इंग्रजीत नेली. ते पन्नाशीच्या दशकात आपल्या बेळगावात कॉलेजात शिकवायला होते. आणि देवळात जमणाऱ्या त्या ज्योती गिरीश कार्नाडांनी 'नागमंडल'मध्ये रंगमंचावर आणल्या, रामानुजनांकडून ऐकल्याचं मोकळेपणाने सांगून. घेतलं, आणि कुणाकडून घेतलं ते सांगितलं. तुमच्या बाबतीत हे दुसरं झालं नाही, सर. तुम्हाला दुखतंय ते तिथे, असं मला वाटतं.

---

मागावरचा_वडगाव | मंगळवार, सकाळी ६.५०

अक्कांचं पटलं. पण 'सांगितलं असतं तर बरं झालं असतं' एवढ्यावर पोट भरत नाही. नाव घेऊन पैसे न देणारेही बघितलेत.

---

निपाणीकर_पुण्यात | मंगळवार, सकाळी ९.१५

आजोबांच्या आईच्या गोष्टीवरून हळदीची केस आठवली. जखमेवर हळद लावायच्या उपयोगाला अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट मिळालं होतं. आपल्या सीएसआयआरने (वैज्ञानिक संशोधनाची सरकारी संस्था), तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख होते, जुने लेखी पुरावे काढून ते आव्हानित केलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. त्या वेळी लेखी पुरावा दाखवता आला म्हणून निभावलं. आता विचार करा, खळ्यावर सांगितलेली, कुठेही न लिहिलेली गोष्ट कुणी स्वतःच्या नावावर केली, तर ती जुनीच आहे हे सिद्ध करायला आजोबांच्या आईला कुठून आणणार?

कुणाच्याच एकट्याच्या नसलेल्या गोष्टीचं उदाहरण पायातच आहे. कोल्हापुरी चप्पल. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून, त्यात बेळगाव आहे. अथणीचा कारागीर आणि कोल्हापूरचा कारागीर, दोघांचंही नाव तेच. सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच वारसा कागदावर मान्य झाला, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

---

कोर्टगल्ली | मंगळवार, सकाळी १०.०५

सर, तुमचा 'नक्की काय चोरीला गेलं' हा प्रश्न वकिलाच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. आता मला एका गोष्टीचं उत्तर द्या. त्या स्पर्धेतल्या एकांकिकेत सांगाडाच होता, की तुमच्या संहितेतलं आणखी काही होतं? शेवट काय होता?

---

घाटमाथा_खानापूर | मंगळवार, दुपारी ४.४०

शाळा सुटल्यावर लिहितोय.

पहिल्या दिवशी मी शेवट मुद्दाम लिहिला नव्हता. लिहायचं धाडस झालं नाही. माझ्या संहितेत शेवट असा आहे : धाकटा नेहमीसारखा रात्री बैल जुंपतो, मोट खाली सोडतो, वर ओढतो, आणि चाक वाजत नाही. तो थांबतो. चाकाला हात लावतो, हात तेलकट होतो. वहिनीने दिवसा येऊन चाकाला तेल घातलेलं असतं. तो हात तसाच धरून घराच्या बंद दाराकडे बघतो. पडदा. एकही शब्द नाही.

तिथेही तेच होतं. तेल, हात, दार. आणि 'ते बोलतंय म्हणून मी जागा आहे' हे वाक्यही, जसंच्या तसं.

---

तिसरी_घंटा | मंगळवार, दुपारी ४.५८

सर!! हा सांगाडा नाही. ही तुमची एकांकिका आहे.

---

कोर्टगल्ली | मंगळवार, संध्याकाळी ७.३०

आता वेगळं बोलता येईल. दोन भाऊ, दुष्काळ, रात्रीचं पाणी हे कुणाचंही. पण न वंगणलेलं चाक, ते वाक्य, तेलाचा हात आणि बंद दार, हे सगळं त्याच क्रमाने येणं म्हणजे मांडणी. ७८ च्या निकालातली कसोटी इथे तुमच्या बाजूने लागू शकते.

आणखी एक वाट आहे ती गोपनीयतेची. २००३ मध्ये मुंबई हायकोर्टापुढे झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स हे प्रकरण आलं होतं. मालिकेची संकल्पना विश्वासाने सांगितलेली होती आणि नुसत्या कल्पनेपलीकडे नीट विकसित केलेली होती, तर ती परस्पर वापरता येणार नाही, अशी भूमिका कोर्टाने घेतली. तुम्ही संहिता वाचायला दिलीत, ती कशी दिलीत हे महत्त्वाचं. कागद, मेल, व्हॉट्सॲप, जे असेल ते जपून ठेवा. फोन बदलू नका.

कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही, लिहिलं त्या क्षणी हक्क तयार होतो. लेखकाच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं तो टिकतो. पण नोंदणी असली की पुराव्याला बळ येतं. साहित्यकृतीची फी ५०० रुपये, अर्ज ऑनलाइन होतो, हरकतींसाठी तीस दिवस थांबावं लागतं. स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाकीट पाठवायचा जो सल्ला सगळीकडे फिरतो, त्याच्यावर विसंबू नका.

आणि तुमच्या मनात असेलच, समोरचा माणूस पलीकडच्या राज्यातला आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे फिर्यादी जिथे राहतो तिथल्या जिल्हा कोर्टात दावा लावता येतो. म्हणजे बेळगावात. मराठी संहितेचं भाषांतर जोडावं लागेल, ते बघता येईल. तरी आधी दाव्याची भाषा नको. एक साधं, मुद्द्याचं पत्र लिहा. 'माझी संहिता अमुक तारखेला तुम्हाला दिली होती, तुमच्या प्रयोगात ती वापरली आहे, लेखक म्हणून माझं नाव हवं.' मसुदा मी बघून देतो. फी नको.

---

मागावरचा_वडगाव | मंगळवार, रात्री ८.१५

वकीलसाहेब, हे आधी कळायला हवं होतं आमच्यासारख्यांना. पेटंटचा हट्ट सोडला असं म्हणणार नाही, पण तेलाचा हात कुणाचा हे ठरवायची सोय आहे म्हटल्यावर बरं वाटलं. सर, पत्र टाकाच.

---

घाटमाथा_खानापूर | बुधवार, रात्री ९.२०

संहिता मी व्हॉट्सॲपवर पाठवली होती. आज शोधली. तारीख आहे, दोन निळ्या खुणा आहेत, आणि खाली त्यांचा निरोप : 'शेवट अप्रतिम. चाकाचा विचार करतोय.' मी तो निरोप त्या वेळी बायकोला वाचून दाखवला होता.

वकीलसाहेब, पत्राचा कच्चा मसुदा उद्या पाठवतो. पेटंटचं म्हणाल तर आता नको वाटतं. आजोबांच्या आईने काढलं असतं तर मला ही लिहिता आली नसती.

आणि पोरांशी बोललो. यंदा आम्हीच ती बसवतोय. सुरुवातीला निवेदनात सांगणार आहे, की ही गोष्ट मळणीच्या रात्री सांगितल्या जाणाऱ्या एका जुन्या गोष्टीतून आली. आजोबा, परवानगी असेल तर 'येळ्ळूरच्या एका आईकडून' असं म्हणेन. अडचण एकच. मोटेचं लाकडी चाक कुठे मिळत नाही. सगळीकडे मोटारी. ध्वनिमुद्रित आवाज मला नको आहे.

---

राजहंसगडाखाली | गुरुवार, सकाळी ७.३०

परवानगी कसली, म्हणा की. आईचं नाव कुणी स्टेजवर घेतलं न्हाई आजवर.

चाक हाय. गोठ्याच्या माळ्यावर पडलंय, चाळीस वर्षं झाली. नातवाला आत्ता वर चढवलाय.

---

राजहंसगडाखाली | गुरुवार, सकाळी ८.१०

उतरवलं. आरा एक मोडलाय, सुतार बघील. फिरवून बघितलं, वाजतंय. तेल लावलेलं न्हाई. रविवारी टेम्पोतनं पाठवतो.